एन्लिल आणि सोन्याच्या खाणी: फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

‘एन्लिल हा निबिरू ग्रहावरून आलेला परग्रहवासी, सोन्याच्या खाणीत राबवायला त्याने माणूस घडवला, असं सुमेरियन पाट्यांवर कोरलंय,’ असा मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. सुमेर म्हणजे आजचा दक्षिण इराक; तिथल्या प्राचीन मातीच्या पाट्यांवर असं काहीही नाही.

एन्लिल हा प्राचीन मेसोपोटेमियाचा वादळवाऱ्याचा देव. आजच्या इराकमधल्या निप्पूरचं एकुर हे त्याचं मुख्य देऊळ. माणूस घडवल्याची सविस्तर कथा येते ती अत्राहासिस या अक्कादी (मेसोपोटेमियाची आणखी एक प्राचीन भाषा) काव्यात, इ.स.पू. 17व्या शतकातल्या त्याच्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. त्यात सोनं नाही, कालवे आहेत. कालवे खणून वैतागलेले धाकटे देव फावडी-टोपल्या पेटवून देतात आणि रात्री एन्लिलच्या घराला वेढा घालतात. संपच म्हणा ना! मग मारलेल्या एका देवाचं रक्तमांस चिकणमातीत कालवून माणूस घडतो, तोही एन्लिलच्या नव्हे, एन्की (पाण्याचा आणि शहाणपणाचा देव) आणि मातृदेवीच्या हातून. उलट माणसांच्या गोंगाटाने झोपमोड झाली म्हणून एन्लिल पुढे महापूर धाडतो.

निबिरू हे नाव बाबिलोनी ग्रंथांत आहे, पण मार्दुकचा, म्हणजे बाबिलोनच्या मुख्य देवाचा, तारा म्हणून. तिथून कोणी उतरल्याचा उल्लेख नाही. पाट्यांची भाषांतरं छापलेली आहेत, ताडून पाहा.

कृपया तो मेसेज पुढे ढकलू नका; आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.