मिक्सरमध्ये दळलेल्या कॉफीची एस्प्रेसो होते का? खुलासा

आपल्या कोल्हापुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय की एस्प्रेसो मशीन घेतलं की झालं, ग्राइंडरवर पैसे घालवू नका, मिक्सर बास आहे. भावांनो, हे अर्धंच खरं आहे.

मिक्सरचं पातं बिया तोडतं, दळत नाही, त्यामुळं काही पीठ होतं आणि काही रवाळ राहतं. एस्प्रेसोत साधारण ९ बार दाबानं पाणी जातं, आणि ते वाट मिळेल तिथनंच पळतं, मग एकाच कपात आंबटही लागतं नि कडूही. १८ ग्रॅम पावडरीतनं ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदात यायला पाहिजे, आणि ते जुळवायचं म्हणजे दळण केसभर बारीक-जाड करता आलं पाहिजे. चटणी कांडायला दिल्यावर आपण बारीक का जाड सांगतोच की, तसंच हे, फक्त फरक लई बारीक.

खरं काय, तर मशीनबरोबर दुहेरी तळाची प्रेशराइज्ड बास्केट (पावडर भरायची जाळीची वाटी) आली असेल तर तयार पावडरवर चालतं, फेसही येतो. पण साध्या बास्केटला बर ग्राइंडर, म्हणजे दोन दातेरी भागांमध्ये जात्यासारखा दळणारा, लागतोच. बजेट कमी असलं तर हातानं फिरवायचा घ्या, त्याच पैशात इलेक्ट्रिकपेक्षा चांगले बर (दळायचे दातेरी भाग) मिळतात. घेताना क्लिक, म्हणजे दळण बारीक-जाड करायचे टप्पे, किती बारीक आहेत ते बघा, टाइममोर कंपनीचा सी२ हा हातग्राइंडर फिल्टर कॉफीला छान, पण एस्प्रेसोला त्याच्या दोन क्लिकमधलं अंतर मोठं पडतं, त्यापेक्षा त्यांचाच सी३ ईएसपी बरा. माझं स्पष्ट मत, मशीन थोडं स्वस्त घ्या पण ग्राइंडरवर काटकसर करू नका.