टोकियो ते लॉस एंजेलिस: विमान मुद्दाम लांबून नेत नाहीत

सध्या एक संदेश जोरात फिरतोय. टोकियो ते लॉस एंजेलिस विमानमार्गाचा नकाशा, त्यावर उत्तरेकडे फुगलेली रेघ आणि खाली तीन दावे. एक, सरळ वाट सोडून विमान मुद्दाम लांबून नेतात. दोन, पृथ्वी पूर्वेकडे ताशी १,६७० किमी वेगाने फिरते, म्हणून पश्चिमेकडे जाणारं विमान लवकर पोचायला हवं. त्यालाच जास्त वेळ लागतो, म्हणजे वेळापत्रकात लबाडी आहे. तीन, खरा वेळ म्हणजे किलोमीटर भागिले ९००. चांगली शिकलेली माणसंही हे पुढे पाठवतात, याचं मला वाईट वाटतं.

आधी मार्ग. दोन्ही शहरं साधारण ३४ ते ३६ अंश उत्तरेला आहेत. सपाट नकाशावर त्यांना जोडणारी आडवी रेघ सर्वांत जवळची वाटते, पण तशी अक्षवृत्त धरून उडालात तर सुमारे ९,३०० किमी पडतात. उत्तरेकडे वाकलेल्या दिसणाऱ्या वाटेने सुमारे ८,८००. घरात पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर दोरा ताणून बघा. तो याच वाटेवर बसतो. ध्रुवाजवळ हा फरक आणखी वाढतो. इंधनाचा खर्च इतका मोठा असतो की पाचशे किलोमीटर उगाच कुणी उडणार नाही.

पृथ्वीच्या फिरण्याचं म्हणाल तर विषुववृत्तापुरता १,६७० हा आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चूक. धावपट्टीवर उभं असलेलं विमान जमिनीबरोबर फिरतच असतं आणि भोवतालची हवाही. हवा मागे राहिली असती तर विषुववृत्तावर बारा महिने तेवढ्याच वेगाचं वादळ घोंगावत राहिलं असतं.

मग टोकियोहून पूर्वेकडे जाताना दहा तासांच्या आसपास आणि परतताना साडेअकरा-बारा, असं का? कारण वारा. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो आणि हिवाळ्यात जपानवर त्याचा जोर फार असतो. १९२० च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी जपानमध्येच फुगे सोडून हे वारे मोजले होते. (या वाऱ्यांना पूर्वेकडे वळवण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहेच, पण संदेशात म्हटलंय तसा नाही.) ताशी ९०० हा विमानाचा हवेतला वेग. जमिनीच्या हिशेबाने त्यात वारा मिळवायचा किंवा वजा करायचा. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता, तरी भोवतालच्या हवेच्या मानाने ते ध्वनीपेक्षा हळूच उडत होतं.

म्हणूनच मार्ग रोज वाऱ्याचा अंदाज बघून आखतात. पूर्वेकडे जाताना जेट स्ट्रीम पकडायचा, पश्चिमेकडे जाताना चुकवायचा. त्यासाठी कधी कधी जास्त किलोमीटरची वाट घेतात हे खरं, पण ती वेळ आणि इंधन वाचवायला.

राहिला ९०० चा भागाकार. वेळापत्रकातला वेळ एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतचा असतो. जमिनीवर सरकणं, चढणं, उतरणं, रांगेत थांबणं हे सगळं त्यात येतं. शिवाय आकाश सगळीकडे खुलं नसतं. हेलसिंकी ते टोकियो हे सरळ अंतर सुमारे ७,८०० किमी, म्हणजे भागाकाराने पावणेनऊ तासांच्या आत. रशियावरून जाता येत होतं तेव्हा साडेनऊ तासांच्या आसपास लागत. २०२२ मध्ये ते आकाश फिनएअर या फिनलंडच्या विमान कंपनीला बंद झालं आणि त्याच प्रवासाला सुमारे तेरा तास लागू लागले.