सावलीचं टेंडर कधी निघणार?

सोसायटीच्या ग्रुपवर आज सकाळी आमच्या इथे होऊ घातलेल्या बागेचं चित्र आलं. कॉम्प्युटरवर काढलेलं, चकचकीत. संगीत कारंजं, दिव्यांची झाडं, गेटातच सेल्फी पॉइंट, कवायतीला उभे केल्यासारखे पाम. खाली टाळ्याच टाळ्या आणि 'अभिमानास्पद'. मी एवढंच विचारलं, "यात सावली कुठे आहे?" एका काकांचं उत्तर आलं, "मॅडम, छत्र्या बसवणार आहेत." तेव्हापासून डोकं फिरलंय.

मागच्या मे महिन्यात सासूबाई संगमेश्वरहून ठाण्याला आल्या होत्या. गुडघे धरलेत, पण चार भिंतीत जीव रमत नाही. म्हणून एका मोठ्या बागेत नेलं. कुठल्या ते लिहीत नाही, सगळीकडे तीच तऱ्हा. बाकडी होती, ग्रॅनाइटची, दिवसभर तापलेली, टेकायला पाठ नाही. शेवटी एक बऱ्यापैकी झाड दिसलं. त्याखाली हिरवळीवर त्यांनी बसकण मारली आणि पिशवीतून डबा काढला. घावनं आणि ओली चटणी. पहिला तुकडा मोडला आणि शिट्टी! "ओ आजी, लॉनवर बसायचं नाही!" त्यांना वाटलं दुसऱ्याच कुणाला म्हणतोय, त्या इकडेतिकडे बघायला लागल्या. मग आम्ही मायलेकांनी दोन बाजूंनी धरून त्यांना उठवलं. आजूबाजूचे बघत होते. डबा तसाच घरी आला.

त्या सिक्युरिटीवाल्यावर माझा राग नाही. त्याला तेवढंच सांगितलेलं असतं, आणि बसायला त्यालाही काही नव्हतं.

राग आहे तो बाग म्हणजे काय हे ठरवणाऱ्यांवर. आपल्याकडे बागेला 'थीम' लागते. नेरूळच्या वंडर्स पार्कात जगातली सात आश्चर्यं. आमच्या कोलशेतच्या वीस एकरांच्या पार्कात चिनी, जपानी, मोरोक्कन, मुघल. पोरं खूश होतात, कबूल. माझं पोरगंही टॉय ट्रेनमधून उतरायला तयार नव्हतं. पण येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांना मोरोक्को कशाला दाखवायचा? ताम्हण तर आपलं राज्यफूल. बहावा, करंज, कांचन, वड यांनी काय घोडं मारलंय? घोडं एकच: वड लावला तर फीत कापणाऱ्याच्या मुदतीत तो मोठा होत नाही. पाम ट्रकमधून उभाच्या उभा येतो आणि उद्घाटनाच्या फोटोत दिसतो. सावली मात्र खांबाएवढी.

नाव मात्र सगळ्यांना 'सेंट्रल पार्क' हवं. खारघरला आहे, कोलशेतला आहे. मूळ न्यूयॉर्कचं, ८४३ एकरांचं. आपल्याला वाटतं तिथे आयतं रान होतं आणि त्याला कुंपण घातलं. छे! दलदल आणि कातळ. १८५८ मध्ये स्पर्धा घेऊन ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडीचा आराखडा निवडला. मग जमिनीखाली निचऱ्याचे पाइप टाकले, सुरुंग लावून कातळ फोडला, तळी खोदली, बाहेरून माती आणली, झाडं लावली. बाग ओलांडून जाणारे चार रस्ते खोल खणून खाली घातले. का, तर चालणाऱ्याला मधेच घोडागाड्या आडव्या येऊ नयेत, नजर हिरवळीवरून लांब जावी. एवढी उस्तवार केली आणि ती कुणाच्या डोळ्यांवर येऊ दिली नाही. आपण कारंज्याच्या पंपाचीही कोनशिला बसवतो.

हो, तेही धुतल्या तांदळाचे नव्हते. त्या जागेवरची सेनेका व्हिलेज ही बहुतांशी कृष्णवर्णीयांची वस्ती १८५७ मध्ये उठवली, आणि सुरुवातीच्या वर्षांत घोळक्याने सहलीला यायला बंदी होती. म्हणजे शिट्टी तिथेही होतीच. पण पुढे ते नियम गेले. आणि जमिनीचं म्हणाल तर आपण कोण लागून गेलो? नवी मुंबई ९५ गावांच्या शेतांवर आणि मिठागरांवर उभी आहे. त्या गावांतली म्हातारी बागेत आली तर तिलाही शिट्टी मारणार का?

बरं, सगळंच वाईट नाही. नवी मुंबईतले होल्डिंग पाँड मला मनापासून आवडतात. शहर खाडीच्या काठी, सखल. भरती आली की झडपा बंद होतात, पावसाचं पाणी या तळ्यांत थांबतं, ओहोटी लागली की खाडीत जातं. नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत लोक फेऱ्या मारतात ते असल्याच तळ्याभोवती. शहर बुडू नये म्हणून केलेली सोय आणि तिच्याच काठावर आजी-आजोबांची संध्याकाळ. असं डोकं चालवता येतं की आपल्याला! खाडीवरचा वारा लागला की मीसुद्धा भांडण विसरते.

पण मग ते घावन आठवतं. माणसांनी तुडवलं की लॉन मरतं, मान्य. वेफर्सची पाकिटं आपलेच लोक टाकतात, तेही मान्य. मग तुडवून मरणार नाही असं गवत लावा ना! त्या मेक्सिकन गवताला भर उन्हाळ्यात पाणी पाजायचं आणि वर त्याची राखण करायची, हा कुठला हिशोब? झाडांच्या बुंध्याला गळफास लावल्यासारखे पेव्हर ब्लॉक चिकटवायचे आणि झाड वाढत नाही म्हणायचं.

आणि आणखी एक, सगळ्यात चीड आणणारं. भर उन्हात, जेव्हा सावली हवी, तेव्हा कित्येक बागांना कुलूप. दुपारी बागेत कोण येणार म्हणे! आमच्या बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या मावशी दोन घरांच्या मधल्या वेळात जिन्याच्या पायरीवर डबा खातात. कुणी वरून आलं की डबा उचलून उठतात, पुन्हा बसतात. डिलिव्हरीची पोरं बाइकवरच पाय लांब करून पडलेली असतात. बागेला जाणारा पैसा यांच्याही खिशातून जातो.

नव्या बागेसाठी हरकती-सूचना मागवतील तेव्हा मी तीनच लिहिणार आहे. दुपारी गेट उघडं, गवतावर बसायला परवानगी, बायकांचं टॉयलेट कुलपाशिवाय. कुणाला सही करायची असेल तर कळवा. काका, तुम्हीसुद्धा.