फीडबॅक मॉड्यूल आणि पंख्याच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. तुमच्या मॉडेल रेल्वेच्या बूस्टरवरचा (रुळांना वीज पुरवणाऱ्या उपकरणावरचा) १२ व्होल्टचा पंखा सुरू झाला की आमचं फीडबॅक मॉड्यूल, म्हणजे रुळांच्या कोणत्या तुकड्यावर (ब्लॉकमध्ये) गाडी आहे ते कळवणारं सर्किट, रिकाम्या ब्लॉकमध्ये गाडी असल्याचं दाखवतं, पंखा काढला की सगळं सुरळीत चालतं, म्हणजे मॉड्यूलच निकृष्ट, असं लिहून तुम्ही दोन तारे दिले आहेत. ऑटोमॅटिकवर चालणारी गाडी विनाकारण थांबली की किती चिडचिड होते ते आम्हाला ठाऊक आहे. पण मॉड्यूलबद्दलचा निष्कर्ष मला पटत नाही. का, ते सविस्तर सांगतो, कारण हाच त्रास असलेले इतरही हे वाचतील.

आधी एक विनंती: पंखा काढून ठेवू नका. थंड हवा मिळाली नाही तर बूस्टर तापून स्वतःला बंद करून घेईल आणि सगळ्याच गाड्या उभ्या राहतील.

तुमच्या फोटोत पंख्याच्या दोन्ही वायर मॉड्यूलच्याच सप्लाय टर्मिनलमध्ये अडकवलेल्या दिसतात. माझ्या मते गडबड तिथेच आहे. या पंख्यात ब्रश नसतात; आतला हॉल सेन्सर चुंबकाची जागा ओळखतो आणि त्याप्रमाणे कॉइल चालू-बंद होतात. त्यामुळे पंख्याचा करंट एकसारखा नसतो, ठोके पडल्यासारखा येतो. सरासरी ०.१५ अँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण हे ठोके मॉड्यूलच्याच मायनस वायरमधून परत जातात आणि प्रत्येक ठोक्याला त्या वायरवर थोडं व्होल्टेज पडतं. ब्लॉकमधला अगदी बारीक करंट ओळखायचं काम ज्याला दिलंय, त्या सर्किटचा शून्यच, म्हणजे ज्याच्या तुलनेत ते मोजतं ती मायनसची पातळीच, अशी हलत राहिली तर ते फसणारच.

खात्री करायला ९ व्होल्टची बॅटरी पुरे. पंखा मॉड्यूलपासून सोडवा आणि आहे त्याच जागी बॅटरीवर चालवा. थोडा हळू फिरेल, पण फिरेल. खोटी गाडी दिसायची थांबली तर दोष सामायिक सप्लायचा. मग पंख्याला वेगळा अडॅप्टर द्या, हा सर्वांत चांगला उपाय. ते जमत नसेल तर पंख्याच्या प्लस वायरमध्ये १० ओहम, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर घाला आणि पंख्याच्या बाजूला, प्लस-मायनसमध्ये, ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा. प्लस-मायनस उलटं होऊ देऊ नका. रेझिस्टरवर साधारण दीड व्होल्ट जाईल, तेवढा पंख्याचा वेग कमी होईल. पंखा पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणाऱ्या) चालत असेल तर मात्र हा कपॅसिटर लावू नका.

बॅटरीवरही खोटी गाडी दिसत राहिली तर वायरिंग बघा. पंख्याच्या दोन्ही वायर एकमेकींना पीळ देऊन घ्या आणि फीडबॅकच्या केबलला समांतर न नेता आडव्या ओलांडा. एस८८ची (फीडबॅक मॉड्यूल जोडण्याच्या एका पद्धतीची) लांब, साधी चपटी केबल असेल तर हे आधीच करा, ती अशा गोंगाटाला फार लवकर बळी पडते.

आता सर्वांत तातडीचं. कुणाच्यातरी सल्ल्यावरून तुम्ही एका ब्लॉकच्या दोन रुळांमध्ये कपॅसिटर लावला आणि तिथे आता कायमच गाडी दिसते, असं तुम्ही लिहिलं आहे. तो आजच काढा. डीसीसीचा (रुळांमधूनच गाडीला वीज आणि आज्ञा देणाऱ्या डिजिटल पद्धतीचा) सिग्नल सतत उलटसुलट होणारी चौकोनी लहर असतो, त्यातला 'एक' हा बिट दर ५८ मायक्रोसेकंदांनी दिशा बदलतो. अशा सिग्नलला कपॅसिटर अडवत नाही, करंट वाहू देतो, आणि मॉड्यूलला तो करंट गाडीचाच वाटतो. शिवाय लहरीच्या कडा बोथट होऊन गाडीतल्या डिकोडरला (आज्ञा वाचणाऱ्या सर्किटला) आज्ञा नीट कळत नाहीत.

इतकं करूनही पंखा बॅटरीवर आणि वायर दूर असताना रिकामा ब्लॉक भरलेला दिसला, तर मॉड्यूल आमच्याकडे पाठवा. तुमच्याच पंख्यासोबत तपासू आणि दोष मॉड्यूलचा निघाला तर विनामूल्य बदलून देऊ. बॅटरीच्या चाचणीत काय दिसलं ते इथेच कळवा.