क्रेटाच्या पैशात क्यू-सेवन? दाजी, जरा दम खावा

गेल्या पंधरा दिवसात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला आणि परवा आमच्या दाजींनी पण पाठवला, खाली लिहून की "बघ की रे जरा, खरं हाय का". दाजींना तोंडावर खोटं म्हणायची माझी टाप नाही, म्हणून लिहूनच काढतो.

मेसेज थोडक्यात असा: वीस लाखांची नवी क्रेटा घेणारे येडे आहेत, निम्म्या पैशात जुनी ऑडी क्यू-सेवन, बीएमडब्ल्यू एक्स-फाइव्ह नाहीतर मर्सिडीज एमएल मिळते. किंमत आधीच पडलेली, त्यामुळे तोटा शून्य. जर्मन इंजिन पाच लाख किलोमीटर मरत नाही. फक्त रनिंग कमी बघा. दिल्लीची घेतली तर अजून स्वस्त. आणि शोरूमला जायचं कामच नाही, बाहेर कुठलाही मेस्त्री करून देतो. खाली आगीच्या तीन इमोजी.

आधीच सांगतो, जुन्या लक्झरी गाडीला माझा विरोध नाही, उलट मला लई आवडतात त्या. आंबा घाटात दोन टनाची गाडी वळणावर जशी रुतून बसते ती मजा नव्या क्रेटाला येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बॅज बघून गाडी ठरवू नका, तिचं जे ठरलेलं दुखणं आहे ते आपल्या गावात आणि आपल्या खिशात बरं होतंय का ते बघून ठरवा. दुखणं प्रत्येक गाडीला ठरलेलं असतं, नशिबाचा भाग त्यात थोडाच.

आता "तोटा शून्य". किंमत गाडीची पडली हो, पार्टची कुठं पडलीय? साठ-सत्तर लाखांची गाडी दहा लाखांवर आली तरी तिचा टर्बो, हेडलाइट, कंट्रोल आर्म अजून साठ-सत्तर लाखांच्या गाडीचेच आहेत. बाकी सगळं सोडा, नुसतं चार टायरचं कोटेशन आणून बघा आणि मग बोला. माझा आपला हिशोब असा की दहाची गाडी घ्यायची तर तीन लाख वेगळे काढून ठेवायचे आणि पहिलं वर्षभर ते आपले नाहीतच असं समजायचं. ते जमत नसेल तर गाडी दहाची नाही, सातची बघा.

मग येतं इंजिन, आणि इथं मला जरा जास्त बोलायचंय कारण आमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, लहानपणापासून क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा) आणि हेड (इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) बघत मोठा झालोय. पाच लाख किलोमीटर मरत नाही हे लोखंडाबद्दल बऱ्यापैकी खरं आहे. ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य सांगाडा, मरत नाही. मरतं ते ब्लॉकच्या आजूबाजूचं. बीएमडब्ल्यूचं दोन लिटरचं डिझेल, एन-४७ म्हणतात त्याला, जुन्या एक्स-वन आणि एक्स-थ्री मध्ये आहे. त्याची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणारी साखळी, पुढं पुलीकडं नाही, मागं गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनचे प्लास्टिकचे गाइड झिजतात, चेन सैल पडते आणि थंड इंजिन सुरू करताना मागनं खरखर आवाज येतो, २०११ पर्यंतच्या इंजिनात हे जास्त. पुढं चेन असलेल्या गाडीत जे काम दीड-दोन दिवसाचं, ते इथं गिअरबॉक्स नाहीतर आख्खं इंजिन उतरवल्याशिवाय दिसत पण नाही. आणि चेन तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटायला जातात, मग हेड घेऊन या आमच्याकडं, चहा पाजतो.

ऑडीच्या तीन लिटर व्ही-सिक्स डिझेलची चेन पण मागंच. एक्स-फाइव्हमध्ये तर गंमत आहे, २०१० च्या आधीच्या तीन लिटर डिझेलला चेन पुढं होती आणि नंतरच्या इंजिनात ती मागं गेली, म्हणजे "नवीन मॉडेल घे रे, जुनं कशाला" हा सल्ला इथं उलटा पडू शकतो. मर्सिडीजच्या व्ही-सिक्स डिझेलला, म्हणजे एमएल ३५० सीडीआयमधल्या ओएम-६४२ ला, चेनचा एवढा त्रास नाही, पण त्याचा ऑइल कूलर सिलिंडरच्या दोन ओळींच्या मधल्या खोबणीत टर्बोच्या खाली बसवलाय, त्याची दोन छोटी सील कडक होतात आणि ऑइल गळून गिअरबॉक्सच्या तोंडाशी येतं. सील हातावर मावतील एवढी, पण तिथं पोचायला वरचं सगळं खोलावं लागतं आणि बिल होतं ते त्या खोलण्याचं. लँड रोव्हर डिस्कव्हरीच्या २.७ आणि तीन लिटर डिझेलचे क्रँक मोडल्याचे प्रकार जगभर झालेत, आणि त्या गाडीत मोठं काम निघालं की मेस्त्री लोक आख्खी बॉडी चेसिसवरनं वर उचलतात, इंजिनला हात पोचावा म्हणून. क्रँक घासून देणं आमचं रोजचं काम आहे हो, पण दोन तुकडे झालेला क्रँक आणला तर त्याला काय घासणार.

गिअरबॉक्सचं थोडक्यात. या गाड्यांत "लाइफटाइम ऑइल" लिहिलेलं असतं आणि लोक विश्वास ठेवतात. एक्स-फाइव्हचा सहा गिअरवाला झेडएफचा गिअरबॉक्स घ्या, तो बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदला म्हणते. मालकाला विचारा कधी बदललं, "ते बदलायचं नसतंय" असं उत्तर आलं की समजून जा. ऑडी क्यू-फाइव्हच्या सात गिअरवाल्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं दुखणं वेगळं, त्याचा मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक मेंदू, जातो, आणि तो लेथवर बनत नाही.

एअर सस्पेन्शनबद्दल, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी उभी असते त्याबद्दल, मेसेजवाला काहीच बोलत नाही, आणि नेमकं तेच पैसे खातं. रबराच्या फुग्याला वयानं चिरा पडतात, हवा हळूहळू गळते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तो पण जळतो, म्हणजे एका चिरेपायी दोन खर्च. तपासायला अक्कल लागत नाही. संध्याकाळी गाडी सपाट जागेवर लावायला सांगा, चारी चाकांच्या कमानीपर्यंत वितीनं मोजा, सकाळी परत मोजा. एक कोपरा म्हशीसारखा बसलेला असला की नमस्कार करून घरी या.

आता "रनिंग कमी बघा", आणि दिवाळीत काय झालं ते सांगतो. दाजी आणि मी हायवेच्या एका यार्डात एक काळी जर्मन एसयूव्ही बघायला गेलेलो. बारा वर्षाची गाडी, मीटरवर ४३ हजार, पॉलिश अशी की दाजी तिच्यात बघून केस सारखे करायला लागले. मी दार उघडलं आणि पहिला ब्रेकचा पेडल बघितला, रबरावरच्या रेघा झिजून गुळगुळीत, ४३ हजारात एवढा पेडल झिजत नाही. मीटर पाडलेला दिसतच होता, पण ते एक वेळ चाललं असतं. मग ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. वरचा पट्टा काळा आणि खाली गुंडाळीतला हातभर पट्टा मातकट, त्याला बोट लावलं तर बोटाला बारीक पिवळी माती. सीट पुढं सारली तर रुळाच्या स्क्रूला गंज. एजंट म्हणतो "वॉशिंगचं पाणी असंल वो". धुतलेल्या गाडीत गाळ कुठनं येतो हे मी नाही विचारलं, दाजींनीच विचारलं, आणि मग आम्ही चहा न पिताच निघालो.

पूर म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, ऑगस्ट २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, आणि २०२१ च्या जुलैत परत तेच, शिरोलीला हायवे बंद. शाहूपुरी, नागाळा पार्क, रमणमळ्यात पार्किंगमधल्या गाड्या कशा होत्या ते सगळ्यांनी बघितलंय. अल्टो बुडाली तर वाळवून परत चालू होते एखादवेळी, पण या गाड्यांची रचनाच अशी की पहिल्या पिढीच्या क्यू-सेवनची बॅटरी पुढच्या सीटखाली, त्याच वेळच्या एमएलची पण सीटखाली, एक्स-फाइव्हची मागं डिकीच्या तळाला, आणि कार्पेटखाली वायरिंगचे जाड जुडगे. पाणी बोनेटपर्यंत यायची गरजच नाही, उंबऱ्यावरनं आत आलं की पुरे. आणि मग लगेच काही होत नाही, सहा महिन्यांनी वायरिंगच्या जोडातला एखादा पिन गंजून हिरवा पडतो आणि भर पावसात गगनबावड्याला गिअर अडकतो. आपल्या पुरातली गाडी आपल्याला कोण विकेल, ती लांब जाते आणि लांबची इकडं येते. म्हणून गाडी कुठल्या गावात, कुठल्या वर्षी होती ते आरसीवर आणि इन्शुरन्सच्या क्लेममध्ये बघायचंच, मुंबई २००५, चेन्नई २०१५ हे लक्षात ठेवून.

आणि खरंच कमी चाललेली असली तरी काय? रबर, सील, कूलंटचे पाइप, टायमिंग बेल्ट हे किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात. बारा वर्षात ४० हजार चाललेल्या गाडीपेक्षा दीड लाख चाललेली पण बिलांची जाड फाइल असलेली गाडी मी डोळे झाकून घेईन. बरं, झाकून नाही, पण घेईन.

दिल्लीची गाडी स्वस्त का, तर तिथं दहा वर्षांवरच्या डिझेलला रस्त्यावर बंदीचा प्रश्न, एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) आदेश २०१५ चा आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ ला तोच धरला, नंतर त्यात बदल झाले तरी भीतीपोटी लोक विकतातच. इकडं आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स, आणि तो तुम्ही आठ लाखाला घेतली म्हणून आठवर नाही बसत, नवी असतानाच्या किमतीवरून वयाची सूट धरून बसतो. शिवाय १५ वर्षं झाली की रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं, १ एप्रिल २०२२ पासून कारला ५,००० आणि इम्पोर्टेड असली तर ४०,०००, वर पर्यावरण कर. एमएच-०९ लागेपर्यंत स्वस्ताई संपलेली असते.

"कुठलाही मेस्त्री करतो" हे वाचून मात्र मला राग आला, कारण आमच्या उद्यमनगरचा मला अभिमान आहे. बंद पडलेल्या मशीनचा जो पार्ट जगात मिळत नाही तो इथं नमुना बघून बनतो. पण बीएमडब्ल्यूला नवी बॅटरी टाकली तर ती सुद्धा गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशोबानं होत राहतं. त्याला स्कॅनर लागतो, आणि स्कॅनर वाचता येणारा माणूस लागतो. आहेत तसे आपल्याकडं एक-दोघं, भारी काम करतात, पण त्यांच्या दारात आधीच सहा गाड्या उभ्या असतात. गाडी पुण्याला न्यायची वेळ आली तर दोरी बांधून टोचन चालत नाही, ऑल-व्हील ऑटोमॅटिकला फ्लॅटबेडच पाहिजे, सव्वादोनशे किलोमीटर.

मग घ्यायचं काय? माझी पहिली पसंती होंडा सीआर-व्ही, २.४ पेट्रोल. हसू नका. पुढून चेन, स्प्रिंगचं सस्पेन्शन, साधा गिअरबॉक्स, मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं) ऑइल वेळेवर बदललं की बाकी मागणी नाही. पेट्रोल पिते, ते पिऊ दे. दुसरी टोयोटा प्राडो किंवा जुनी तीन लिटरची फॉर्च्युनर, दोन्हीत एकाच घराण्याचं डिझेल इंजिन, आणि फॉर्च्युनर तर आपल्याकडं ऊसबिल जमा झाल्यावर दारोदार दिसतात, त्यामुळे इंजिनचा पार्ट आणि हात दोन्ही गावात आहेत. इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारे पार्ट, तेवढे तपासा. किंमत पडत नाही म्हणून लोक रडतात, पण ती पडत नाही याचं कारणच हे आहे ना.

थाटच पाहिजे असेल तर व्होल्वो एक्ससी-६० चं पाच सिलिंडरचं डी-फाइव्ह डिझेल किंवा लँड रोव्हरची फ्रीलँडर-टू बघा. फ्रीलँडर आपल्या पुण्यात जोडली जायची, २०११ पासून. दोन्हींना एअर सस्पेन्शनचा ताप नाही, दोन्हींना टायमिंग बेल्ट, तो बदलल्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरायचं. पार्टसाठी वाट बघायची तयारी ठेवा, म्हणजे घरी दुसरी गाडी पाहिजे. आणि जर्मनच पाहिजे, तर एकाच मालकाची, फाइलसकट, घ्यायच्या आधी लिफ्टवर चढवून स्कॅन केलेली, आणि ते तीन लाख बाजूला.

हे सगळं काल दाजींना फोनवर सांगितलं तर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे चार लोकांत सांगायला होंडाच का?" मी म्हटलं दाजी, बंद पडलेल्या ऑडीपेक्षा चालणारी होंडा बरी सांगायला. इचलकरंजीत एक सीआर-व्ही आहे, मालक डॉक्टर, फाइल आहे म्हणतात, आरसीवर इम्पोर्टेड लिहिलंय का तेवढं बघायचंय. रविवारी सकाळी सातला जातोय आणि डॉक्टरांना फोन करून सांगितलंय, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, इंजिन थंडच पाहिजे. दाजी म्हणतात सात लई लवकर होतंय, येताना मिसळ खायची असेल तरच येतो.