सीटी नॉर्मल आहे, तरी डोकं दुखतंय

"सीटी स्कॅन नॉर्मल आला ना? मग आता काय होतंय?" हे मला नातेवाइकांनी विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं, रजेचा अर्ज घेऊन गेले तेव्हा साहेबांनीही विचारलं. स्कूटरवरून पडले त्याला काही वर्षं झाली. जखम केव्हाच भरली, डोकं दुखायचं थांबलेलं नाही.

सीटीत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. वेदना दिसत नाही. मेंदूला स्वतःला वेदना कळतच नाही. दुखतात ती त्याच्यावरची आवरणं, रक्तवाहिन्या, मानेचे स्नायू, नसा. मार लागल्यावर ७ दिवसांत सुरू झालेली आणि ३ महिन्यांनंतरही न थांबलेली डोकेदुखी डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वेगळी नोंदलेली आहे. मार किरकोळ असला तरी ती मागे लागू शकते.

माझं दुखणं डाव्या कानामागून निघतं आणि डोळ्याच्या खोबणीत येऊन बसतं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मी ओट्याची कड घट्ट धरून उभी असते. लग्नाला गेले नाही तर माणूसघाणी, गेले आणि हसले, तर "बघा, आहे की ठणठणीत!"

"गोळी घे ना एक" म्हणणाऱ्यांसाठी सांगते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, अशा ३ महिन्यांहून अधिक काळ घेतल्या तर त्यांनीच डोकेदुखी वाढू शकते. म्हणून डॉक्टरांनी मला गोळी घेतलेल्या दिवशी कालनिर्णयवर फुली मारायला सांगितलंय. फुल्या वाढल्या की गोळी समोर असूनही घ्यायची नाही. बघणाऱ्याला वाटतं, एवढं दुखत नसणार.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण दीर्घकालीन वेदना हा प्रकार त्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत मात्र तिला स्वतःचा कोड आहे. आपल्या कायद्यातही तिची दखल घ्यायलाच हवी.

तोवर डॉक्टरांना कळकळीची विनंती. डिस्चार्ज कार्डावर टाके काढायची तारीख लिहिता, तिथेच मराठीत लिहा की डोकेदुखी, चक्कर, चिडचिड, उजेड-आवाज सहन न होणं महिनोन्महिने राहू शकतं. घरच्यांना आणि साहेबांना तो कागद दाखवता येईल. आताच्या ऑफिसात मला डोक्यावर ट्यूबलाइट नसलेली जागा आणि दुपारी थोडा वेळ अंधारी खोली मिळाली आहे. तेवढ्यावर मी पूर्ण दिवस काम करते.