दुरुस्ती अडली की आधी डिस्क बघा: ऐरोलीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मावशीच्या नौपाड्यातल्या घरचा कॉम्प्युटर पुन्हा चालू कसा केला, या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. एक, लेखातली कमांड तुमच्या पीसीवर चाललीच नाही आणि अख्खा रविवार गेला. दोन, 'आधी डेटा काढा' म्हणत मी लोकांना उगाच घाबरवतो. तुमच्या मते सरळ चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची कमांड) मारली असती तर काम झालं असतं. तीन, एवढा खटाटोप करण्यापेक्षा दुकानात पाचशे रुपयांत फॉरमॅट मारून मिळतं.

पहिला आक्षेप पूर्णपणे मान्य. चूक माझी आहे आणि त्यापायी तुमचा सुट्टीचा दिवस गेला, याचं मला वाईट वाटतं. लेखात मी 'एसएफसी स्कॅननाऊ' (विंडोजच्या बिघडलेल्या फाइल्स शोधून बदलणारी कमांड) एवढंच लिहिलं. ती कमांड विंडोज चालू असताना त्या रूपात बरोबर आहे. तुमची विंडोज चालूच होत नव्हती. निळ्या स्क्रीनवरून ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट असं गेल्यावर जी काळी खिडकी उघडते, तिच्या ओळीच्या सुरुवातीला 'एक्स' असतं, 'सी' नसतं. तिथे तुम्ही तुमच्या विंडोजमध्ये नसताच. रिकव्हरीची एक छोटी विंडोज रॅममध्ये उघडलेली असते, तिचा तो एक्स ड्राइव्ह. तुमची विंडोज कुठे आहे हे कमांडला सांगितलं नाही, तर ती 'सिस्टिम रिपेअर पेंडिंग आहे, रीस्टार्ट करून पुन्हा चालवा' असं सांगून थांबते. तुम्ही सहा वेळा रीस्टार्ट केलंत. कितीही वेळा केलं असतं तरी तेच उत्तर आलं असतं.

तिथे आधी ड्राइव्हचं अक्षर शोधायचं. त्याच खिडकीत डिस्कपार्ट (डिस्कचे भाग दाखवणारी कमांड) उघडून 'लिस्ट व्हॉल्यूम' म्हटलं की ड्राइव्हची यादी येते. रिकव्हरीत अक्षरं बदलतात, रोजचा सी तिथे डी किंवा ई झालेला असू शकतो. ज्या ड्राइव्हवर विंडोज, युजर्स आणि प्रोग्रॅम फाइल्स ही तिन्ही फोल्डर दिसतील तो आपला. मग एसएफसीला 'ऑफबूटडिर'मध्ये तो ड्राइव्ह आणि 'ऑफविनडिर'मध्ये त्यातलं विंडोज फोल्डर द्यायचं. डिसम या विंडोजच्याच दुसऱ्या दुरुस्तीच्या कमांडचंही तसंच. तिथे 'ऑनलाइन' लिहिलं की एरर ५० येतो, त्या जागी 'इमेज' लिहून ड्राइव्हचं अक्षर द्यावं लागतं. लेखात आजच ही दुरुस्ती करून ठेवली आहे.

डिसम आधी आणि एसएफसी नंतर, हा क्रम मात्र मी बदलणार नाही. एसएफसी खराब फाइलच्या जागी चांगली फाइल ठेवते, ती आणते विनएसएक्सएस नावाच्या कोठीतून. कोठीतलंच धान्य किडलेलं असेल तर ताटात चांगलं काय वाढणार? 'खराब फाइल्स सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत' हा निरोप बहुतेकदा त्यामुळेच येतो. डिसम ती कोठी नीट करते. रिकव्हरीत असताना तिला चांगल्या फाइल्स पेन ड्राइव्हवरच्या विंडोजच्या सेटअपमधून द्याव्या लागतात, आणि तो सेटअप तुमच्याच आवृत्तीचा हवा. होमला होम, प्रोला प्रो.

आता चेकडिस्क. इथे मी तुमचं ऐकणार नाही, आणि का ते सविस्तर सांगतो.

मावशीकडे गेलो तेव्हा काका तीन दिवस तेच करत होते. चालू करायचं, 'ऑटोमॅटिक रिपेअर'चं चक्र फिरू द्यायचं, अपयशाचा निरोप आला की बंद करून पुन्हा चालू. मी कॅबिनेटवर हात ठेवून बसलो. चक्र फिरताना आतून टक्, टक् असा आवाज येई, दोन सेकंद शांतता, पुन्हा टक्. काका म्हणाले, "पंखा असेल रे." पंखा असा थांबून थांबून वाजत नाही. उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा पेन ड्राइव्ह लावून त्यावरून कॉम्प्युटर सुरू केला, डिस्क्स हे अ‍ॅप उघडलं आणि स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघितला. रीअलोकेटेड सेक्टर ३१२. करंट पेंडिंग सेक्टर ५६. म्हणजे ३१२ ठिकाणं डिस्कने आधीच बाद करून बदली जागा वापरली होती आणि आणखी ५६ ठिकाणं तिला वाचता येत नव्हती. विंडोजच्या फाइल्स त्यामुळे बिघडल्या होत्या. दुरुस्ती फसत होती, कारण दुरुस्त केलेली फाइलही त्याच डिस्कवर लिहिली जात होती.

अशा डिस्कवर चेकडिस्कचा 'आर' (खराब जागा शोधण्याचा पर्याय) लावला तर ती प्रत्येक सेक्टर वाचते. धडधाकट १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी वाचत असली तरी पूर्ण वाचायला पावणेतीन तास लागतात. आजारी डिस्क एकेका सेक्टरवर अडून बसते, तिला दिवस लागू शकतो, आणि तेवढा वेळ तिचं वाचणारं हेड त्याच दुखऱ्या जागी घुटमळत राहतं. शिवाय चेकडिस्कला तुमच्या फोटोंची काळजी नसते. तिचं काम फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंदवही, सुसंगत करणं. जे तुकडे कुठे जोडता येत नाहीत ते 'फाउंड ०००' नावाच्या फोल्डरमध्ये जातात, फाइलची मूळ नावं जाऊन नुसते क्रमांक उरतात. आणि आपल्याकडे पावसाळ्यात मध्येच लाइट गेली तर ते काम अर्ध्यावरच तुटतं.

म्हणून आम्ही आधी कॉपी केलं. उबुंटूतूनच, डिस्कवर काही न लिहिता, बाहेरच्या हार्ड डिस्कवर. आधी काकांकडे असलेले सोसायटीच्या हिशोबाचे एक्सेल, मग मावशीच्या आईचे म्हणजे माझ्या आजीचे फोटो, मग बाकीचं. रात्रभर चाललं. ११ फोटो वाचता आले नाहीत. सकाळी पेंडिंगचा आकडा ५६ वरून ८३ झाला होता. एका रात्रीत एवढा वाढला, तेही नुसतं वाचताना. मावशीने आजीचा स्वयंपाकघरातला फोटो नव्या डिस्कवर उघडून बघितला आणि मगच आत चहा ठेवायला गेली. मी घाबरवतो असं तुम्हाला वाटलं असेल, पण तो आकडा मी डोळ्यांनी वाढताना पाहिला आहे.

डिस्क ठणठणीत असेल तर चेकडिस्कला माझी काहीच हरकत नाही. आधी 'एफ' (फक्त फाइल सिस्टिमच्या चुका दुरुस्त करणारा पर्याय) लावून बघा, 'आर' नंतर.

दुकानाचंही तसंच. चांगलं काम करणारे कारागीर ठाण्यात आहेत, ऐरोलीत आहेत, आणि ते आधी विचारतात, "डेटा हवाय का?" तो प्रश्न न विचारता कोणी फॉरमॅट म्हणालं तर पीसी उचलून घरी आणा. हार्ड डिस्क क्विक फॉरमॅट झाली तर बऱ्याचदा काही तरी परत मिळतं. एसएसडीवर (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) ट्रिम नावाची सोय पुसलेल्या जागा रिकाम्या करून टाकते, तिथून फोटो परत येण्याची आशा जवळजवळ नसते. आणि लॅपटॉप असेल तर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की आधी शोधून ठेवा; ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. बिटलॉकर चालू असेल आणि ती नसेल तर उबुंटूतूनही फाइल्स दिसणार नाहीत.

तुमच्या पीसीत हार्ड डिस्क आहे की एसएसडी, ते तुम्ही लिहिलेलं नाही. हार्ड डिस्क असेल तर आज रात्री चेकडिस्क लावून झोपू नका. पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालू करा (इन्स्टॉल नाही, 'ट्राय' निवडायचं), स्मार्टमधल्या रीअलोकेटेड आणि पेंडिंग या दोन ओळींचे आकडे इथेच खाली लिहा. दोन्ही शून्य निघाले तर लेखातल्या सुधारलेल्या कमांड कुठल्या अक्षराने चालवायच्या ते मी तुमच्या 'लिस्ट व्हॉल्यूम'ची यादी बघून सांगतो.